करोडपतीच्या हॉटसीटची तयारी: वाचन किती, सराव किती?

चाळकरी
केबीसी (हिंदीतलं 'कौन बनेगा करोडपती') आणि मराठीतलं 'कोण होणार करोडपती' या दोन्हींवर इथे सुट्या प्रतिसादांत बरंच लिहिलं गेलंय, पण निव्वळ तयारीवर धागा नाही. म्हणून हा काढतोय.

असं धरा: मुंबईत नोकरी करणारा माणूस, हाताशी चार महिने, दिवसाला दोन तास, त्यातला एक लोकलमधला. त्याने काय करावं? बहुतेक जण सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक आणून पहिल्या पानापासून सुरुवात करतात आणि तिसऱ्या आठवड्यात सोडतात. माझ्या मते नवं भरण्यापेक्षा, आहे ते वेळेत आठवणं आणि 'हे मला नक्की येतं' व 'हे ऐकल्यासारखं वाटतंय' यांतला फरक ओळखणं, यावर जास्त वेळ जायला हवा. पटतंय का? जाणकारांनी नेमकं लिहावं. शुभेच्छांचे प्रतिसाद नकोत, पद्धत हवी.

पळसफूल
छान विषय. वाचतेय.

नाना_गिरगाव
अर्धं पटलं. पायाच कच्चा असेल तर सराव कशाचा करणार? पण पाया म्हणजे जाडजूड पुस्तक नव्हे, हे शंभर टक्के खरं. बालभारतीची पाचवी ते दहावीची इतिहास, भूगोल आणि विज्ञानाची पुस्तकं घ्या. संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. पहिल्या दहा प्रश्नांतला शालेय भाग त्यांत येतो. त्यावर राज्यघटनेचा नागरिकशास्त्रापुरता भाग आणि रामायण-महाभारतातली पात्रं व त्यांची नाती. एवढं सहा आठवड्यांत होतं. शंका आली की मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, तिथे तपासायचं. व्हॉट्सॲपवरच्या 'टॉप ५०० प्रश्न' यादीतलं एकही उत्तर तपासल्याशिवाय पाठ करू नका.

आकडेमोड
चाळकरींच्या मुद्द्याला आकडे जोडतो.

कार्डांवर अभ्यास करायचा तर रोज २० नवी कार्डं, त्याहून जास्त नाहीत. प्रत्येक कार्ड १, ३, ७, २१ आणि ४५ दिवसांनी परत बघायचं. म्हणजे एक कार्ड पाचदा परत येतं आणि गाडी रुळावर आली की रोजची उजळणी साधारण २० × ५ = १०० कार्डांवर स्थिरावते. एकाला ८-१० सेकंद धरले तर तेरा ते सतरा मिनिटं. चुकलेली कार्डं पहिल्या कप्प्यात परत जातात, त्यांची आणखी दहा मिनिटं. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले की काम झालं, ॲपच हवं असं नाही.

लोक पहिल्या उत्साहात रोज ६० कार्डं करतात. दीड महिन्यात उजळणीच तीनशेच्या घरात जाते, मग दोन दिवस चुकतात आणि सगळा ढीग अंगावर येतो. तयारी मोडते ती बहुतेक वेळा इथेच.

दुर्गवेडा
कार्ड कसं लिहायचं हेही महत्त्वाचं. एका माहितीचा प्रश्न चार बाजूंनी येऊ शकतो. खाशाबा जाधव घ्या. 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणाचं' एवढंच लिहिलं तर हेलसिंकी, १९५२, फ्रीस्टाइल कुस्ती, कांस्य आणि कराडजवळचं गोळेश्वर या बाकीच्या बाजू उघड्या राहतात. त्याला २०२४ जोडायचं: पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमधलं कांस्य. ७२ वर्षांनी महाराष्ट्राकडे आलेलं वैयक्तिक पदक. आता एका धाग्यात दोन ऑलिंपिक, दोन खेळ, दोन गावं बांधली गेली. असं बांधलेलं सुटत नाही.

किल्ल्यांचंही तसंच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले गेले. '१२' सगळ्यांना पाठ असतं. प्रश्न येईल तो यातल्या महाराष्ट्राबाहेरच्या किल्ल्यावर: तमिळनाडूतला जिंजी. उरलेले ११ आपले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. सिंहगड या यादीत नाही, आणि पर्यायांत नेमका तोच टाकतात.

ताकपोळी
दुर्गवेडा, वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

विक्रोळी_लिंक
इतकं सगळं करायची गरज नाही. रोज एक मराठी आणि एक हिंदी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बस.

नाना_गिरगाव
विक्रोळी_लिंक, असहमत. वर्तमानपत्र हवंच, पण त्यातून चालू घडामोडींपुरतंच मिळतं. शिवाय चित्रीकरण प्रक्षेपणाच्या आधी होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्याच्या बातमीपेक्षा मागच्या वर्ष-दीड वर्षाची उजळणी जास्त कामाला येते. पद्म पुरस्कार, फाळके पुरस्कार, ज्ञानपीठ, नवी पदं, नवे पूल, नवी नावं. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता, जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जिंकलेला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा, अशा नोंदी महिन्याला एका पानावर मावतात.

शुद्धमती
जुन्या पुस्तकांबाबत सावध करते. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये आली, अहिल्यानगर २०२४ मध्ये. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ३६वा जिल्हा झाला, तरी ३५ जिल्हे सांगणारी पुस्तकं अजून फुटपाथवर मिळतात. एल्फिन्स्टन रोड २०१८ पासून प्रभादेवी आहे. पुस्तक सेकंडहँड घ्या, पण आतलं छपाईचं साल आधी बघा.

आता माझा मुख्य मुद्दा, ज्यावर कोणी बोलत नाही: भाषा. केबीसी हिंदीत आहे आणि आपण मराठी माध्यमातलं आठवतो. प्रश्न कळायलाच पाच सेकंद गेले तर सुरुवातीच्या प्रश्नांच्या ४५ सेकंदांतले ४० उरतात. कर्कवृत्ताला तिथे 'कर्क रेखा', विषुववृत्ताला 'भूमध्य रेखा'. स्वादुपिंड म्हणजे 'अग्न्याशय', मूत्रपिंड म्हणजे 'गुर्दा', प्लीहा म्हणजे 'तिल्ली'. कथलाला 'रांगा' म्हणतात, ते ऐकून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तिकिटाची रांग येते. युरेनस 'अरुण', नेपच्यून 'वरुण'. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, दंड नव्हे. अशा दीडशे शब्दांची दोन रकानी वही करा आणि विज्ञानाचं एक तरी पुस्तक हिंदीतून चाळा.

सगळ्यात मोठा सापळा महिन्यांचा. आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात त्यांचा महिना एकाने पुढे असतो. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. महाशिवरात्र आपली माघात, त्यांची फाल्गुनात. लक्ष्मीपूजनाची अमावास्या आपली आश्विनातली, त्यांची कार्तिकातली. दिवस तोच, उत्तर वेगळं. इथे आपण 'नक्की येतं' म्हणून ठामपणे चुकतो.

चाळकरी
शुद्धमती, हा मुद्दा डोक्यातच नव्हता. धागा काढल्याचं सार्थक झालं.

पळसफूल
नोंदणीपासून हॉटसीटपर्यंतचे टप्पे कोणी सांगेल का?

घाटकोपरकर
मोसमागणिक तपशील बदलतात, पण केबीसीचा ढाचा असा. नोंदणीच्या काळात वाहिनीवर प्रश्न दाखवतात. उत्तर ठरलेल्या मुदतीत ॲपवरून किंवा एसएमएसने द्यायचं. बरोबर उत्तरांतून संगणक काही जण निवडतो. त्यांना फोन येतो, फोनवर पुन्हा प्रश्न. त्यातून पुढे गेलेल्यांची प्रत्यक्ष चाचणी: सामान्यज्ञानाची लेखी परीक्षा आणि मुलाखत. २०२० मध्ये हे सगळं ऑनलाइन झालं होतं, व्हिडिओ पाठवून.

फोनच्या टप्प्यात अडतं ते ऐकण्यावर. प्रश्न एकदाच कानावर पडतो, डोळ्यांपुढे काही नसतं. घरच्या कोणाला तरी फोनवरून चार पर्यायांसकट प्रश्न वाचायला सांगा आणि लिहून न घेता उत्तर द्या. पर्याय तीन आणि चार ऐकेपर्यंत पहिला विसरतो, हे पहिल्याच दिवशी लक्षात येतं. उपाय म्हणजे पर्याय ऐकण्याआधीच मनात उत्तर तयार ठेवणं आणि पर्यायांत फक्त ते शोधणं.

मुलाखतीत पाठ केलेलं भाषण नको. गाव, काम, घर, आवड आणि जिंकलेल्या पैशांचं काय करणार, यावर दीड मिनिट सलग आणि सरळ बोलता आलं पाहिजे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐका.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: नोंदणी, निवड किंवा बक्षीस यांसाठी कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक आहे. 'केबीसी लॉटरी, २५ लाख लागले' असे व्हॉट्सॲप संदेश वर्षानुवर्षं फिरताहेत. खऱ्या कार्यक्रमात लॉटरी नसते. कसली फी भरू नका, ओटीपी देऊ नका.

खिडकीजवळचा
फास्टेस्ट फिंगरवर, म्हणजे हॉटसीटवर कोण बसणार हे ठरवणाऱ्या वेगाच्या फेरीवर लिहितो, कारण हुशार माणसं तिथे अडकतात.

चार गोष्टी क्रमाने लावायच्या तर २४ क्रम होतात. पहिली नक्की माहीत असेल तर ६ उरतात. पहिली आणि शेवटची माहीत असेल तर फक्त २. म्हणून प्रश्न दिसला की आधी दोन टोकं शोधायची, मधल्या दोघांची तुलना शेवटी. लोक पहिल्यापासून ओळीने लावत जातात, तिसऱ्यावर अडतात आणि मग सगळंच पुसतात. वेगाआधी अचूकता. सर्वांत जलद चुकीच्या उत्तराला काही किंमत नाही.

प्रश्नाची दिशाही नीट वाचा. 'उत्तरेकडून दक्षिणेकडे' की 'दक्षिणेकडून उत्तरेकडे', 'सर्वांत जुन्यापासून' की 'सर्वांत नव्यापासून'. काही मोसमांत एका क्रमाऐवजी लागोपाठ तीन प्रश्नांची फेरी होती, तीही करून ठेवा.

सराव लोकलमध्ये उत्तम होतो. दोन स्थानकांच्या मध्ये एक क्रम. रुळांवरचाच घ्या: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. यातली कोणतीही चार उलटसुलट करून लावा. मग ज्ञानपीठ: खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा २००३, नेमाडे २०१४. मग १८५७ ची तीन विद्यापीठं: कलकत्ता, मुंबई, मद्रास, याच क्रमाने. बोटांची सवय हवी म्हणून कागदावर अ ब क ड अशी चार चौकोनी घरं काढून त्यांवर बोट मारत उत्तर द्यायचं, तोंडाने नाही.

ताकपोळी
अवांतर: विरार फास्टमध्ये हात वर करायला जागा मिळाली तर बोट मारता येईल. तिथे तोंडी परीक्षाच बरी.

आकडेमोड
लाइफलाइनवर, म्हणजे अडल्यावर घेता येणाऱ्या मदतींवर येऊ. दोन गोष्टी हिशेबाने सांगतो.

पहिली, ५०:५०. तुमचं दोन पर्यायांत अडलंय आणि बरोबर उत्तर त्या दोघांतच आहे असं धरा. संगणक खरंच कसलाही विचार न करता तीन चुकीच्यांतले दोन काढत असेल, तर तुमचा चुकीचा पर्याय उरण्याची शक्यता एक तृतीयांश. म्हणजे तीनांतल्या दोन वेळा कोडं सुटतं. 'नेमके तेच दोन उरतात' हे लक्षात राहतं म्हणून नेहमी होतं असं वाटतं.

दुसरी, प्रेक्षकांचा कौल. १०० प्रेक्षकांतल्या २० जणांना उत्तर येतं आणि ८० जण अंदाजे दाबतात असं समजा. चार पर्याय असताना बरोबर उत्तराला २० + २० = ४०, बाकीच्यांना २०-२०. आधी ५०:५० वापरलं तर दोनच पर्याय: बरोबर २० + ४० = ६०, दुसरं ४०. फरक दोन्हीकडे २०च. म्हणून दोन्ही लाइफलाइन हाताशी असताना कौल आधी घ्या. तो स्पष्ट आला तर ५०:५० वाचली.

नाना_गिरगाव
गणित बरोबर, पण ८० जण अंदाजे दाबतात हेच गृहीत तपासायला हवं. फसव्या प्रश्नात ते ८० जण एकाच चुकीच्या पर्यायावर जातात. 'रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली तेव्हा तिचं मुख्य कार्यालय कुठे होतं?' यावर प्रेक्षक मुंबईच म्हणतील. ते होतं कोलकात्यात, मुंबईला आलं १९३७ मध्ये. अशा ठिकाणी कौल ४० नव्हे, ७० टक्क्यांनी चुकीचा येऊ शकतो. कौल सिनेमा, क्रिकेट, मालिका, खाद्यपदार्थ यांवर घ्यावा आणि दहाव्या प्रश्नाच्या आत वापरून टाकावा. इतिहास-विज्ञानाच्या वरच्या प्रश्नाला मित्र किंवा तज्ज्ञ.

आकडेमोड
नाना, मान्य. उदाहरण चपखल आहे. 'सोपा वाटणारा पण वरच्या रकमेचा प्रश्न असेल तर कौल नको' असा नियम जोडू.

शुद्धमती
मित्राला फोनच्या लाइफलाइनबद्दल. सर्वांत हुशार मित्र निवडू नका, तुमच्या उणिवा भरून काढणारे निवडा. खेळ तुमचा कच्चा असेल तर एक खेळवाला, एक विज्ञानवाला, एक पुराण-इतिहासवाला. हातात ३० सेकंद. प्रश्न आणि पर्याय स्पष्ट वाचायला साधारण १५ जातात. नमस्कार-चमत्कार आधीच सूत्रसंचालकांनी केलेले असतात, तुम्ही थेट प्रश्नावर या. मित्राने आधी पर्याय सांगायचा, मग खात्री टक्क्यांत, आणि वेळ उरला तरच कारण. उलट क्रमाने बोलणारा मित्र कारण सांगतासांगता कापला जातो. दहा वेळा घड्याळ लावून फोनवर तालीम करा. व्हिडिओ कॉल असेल त्या मोसमात मित्राच्या घरचं नेटवर्कही आधी तपासा.

विक्रोळी_लिंक
खेळायचं की सोडायचं, हे कसं ठरवायचं? ते तर नशीब.

आकडेमोड
नशीब नाही, भागाकार आहे. २०२० ची शिडी घेऊ: पाचव्या प्रश्नावर १० हजारांचा पडाव (म्हणजे पुढे चुकलं तरी हाती राहणारी रक्कम), दहाव्यावर ३ लाख २० हजारांचा, पुढे ६.४०, १२.५०, २५, ५० लाख, १ कोटी, ७ कोटी.

अकरावा प्रश्न फुकट आहे. चुकलात तरी ३.२० लाख राहतात, त्यामुळे तो सोडणं ही चूकच. सहाव्याचंही तेच. बाराव्याला हातात ६.४० असतात: चुकल्यास ३.२० जातात, बरोबर आल्यास ६.१० वाढतात. ३.२० भागिले दोन्हींची बेरीज ९.३०, म्हणजे ३४ टक्क्यांहून जास्त खात्री हवी. तेराव्याला ४३ टक्के, चौदाव्याला ४७, कोटीच्या प्रश्नाला ४८. याचा अर्थ दोन पर्यायांत खरोखर अडला असाल तर हिशेब जेमतेम खेळण्याच्या बाजूने आहे, चार पर्यायांत अडला असाल तर अजिबात नाही.

२०२२ मध्ये ७५ लाखांचा पडाव आला, त्यानंतर वरची गणितं बदलली. आपल्या मोसमाची शिडी आल्या आल्या हे भागाकार करून पाठ करा. तिथे बसून होत नाहीत.

पळसफूल
पण ज्या घरात २५ लाख म्हणजे घराचं अख्खं कर्ज फिटणं, तिथे ४७ टक्क्यांवर खेळावं असं मला मुळीच वाटत नाही. पहिल्या २५ लाखांची किंमत दुसऱ्या २५ लाखांपेक्षा जास्त असते.

आकडेमोड
अगदी योग्य. भागाकारातून आलेली टक्केवारी ही किमान. त्यावर आपली गरज चढवायची. कर्ज असेल तर चौदाव्याला ७० टक्के खात्रीची रेषा आखा, पण ती घरी बसून, घरच्यांशी बोलून आखा. खुर्चीत बसल्यावर टाळ्या ऐकून नाही.

घाटकोपरकर
कराचंही धरा. बक्षिसावर सरसकट ३० टक्के. मूळ सवलतीची मर्यादा, गुंतवणुकीच्या वजावटी काही लागू नाही. ३.२० लाखांवर ९६ हजार आधीच कापतात, ४ टक्के उपकराचे ३,८४० नंतर भरायचे. हातात २,२०,१६०. एका कोटीवर, दुसरं उत्पन्न नसेल तर, १० टक्के अधिभार आणि उपकर धरून ३४.३२ लाख. पगार मिळवून एकूण उत्पन्न कोटीच्या बऱ्यापैकी वर गेलं तर अधिभार १५ टक्के, म्हणजे ३५.८८ लाख. कापून येतात ३०च लाख. उरलेला कर आगाऊ कराच्या पुढच्या हप्त्यात, शेवटी ३१ मार्चच्या आत भरा, नाहीतर व्याज लागतं.

दुर्गवेडा
चित्रीकरणाच्या दिवसाचं थोडक्यात. केबीसीचं चित्रीकरण गोरेगावच्या चित्रनगरीत होतं आणि दिवस लांबतो. ठाण्याहून किंवा वसईहून निघणाऱ्याने पूर्वेला गोरेगावला उतरून पुढच्या बस-रिक्षाचा वेळ दुप्पट धरावा. स्टुडिओत दिवे असले तरी थंडी असते, आतून पातळ स्वेटर चालेल असे कपडे घ्या. बारीक रेघा आणि बारीक चौकटी कॅमेऱ्यावर लहरतात, त्या टाळा. कंपनीचं चिन्ह असलेला शर्टही नको. आधार, पॅन, बँकेचा तपशील एका पाकिटात. आदल्या रात्री नवी कार्डं नाहीत.

चाळकरी
सर्वांचे आभार. आता मूळ प्रश्नावर परत येतो: दोन तासांची वाटणी कशी?

नाना_गिरगाव
पहिले सहा आठवडे लोकलमध्ये पाठ्यपुस्तक आणि घरी कार्डं. त्यापुढे नवं वाचन अर्ध्या तासावर आणा, बाकी सगळा सराव. शेवटचा महिना एक दिवसाआड घरात पूर्ण खेळ: कोणीतरी सूत्रसंचालक, पाच प्रश्न ४५ सेकंदांचे, पाच ६० चे, पुढचे मोकळे. प्रत्येक उत्तराशेजारी 'नक्की', 'बहुतेक', 'अंदाज' यांतलं एक लिहायचं. रविवारी मोजायचं. 'नक्की' लिहिलेली दहांतली एकाहून जास्त चुकत असतील तर वाचन थांबवा आणि फक्त चुकलेली 'नक्की' तपासा. तिथे चाळकरींचंच म्हणणं खरं ठरतं.

हर्षवर्धन नवाथे २००० साली पहिले करोडपती झाले ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असताना. अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे २०१९ मध्ये कोटीपर्यंत गेल्या, त्या शाळेत खिचडी शिजवत होत्या. अभ्यासाची खोली कोणाकडे कशी आहे यावर फार अडून राहू नका.

खिडकीजवळचा
मग रोज इथेच एक क्रम टाकू या का? आजचा घ्या, सर्वांत जुन्यापासून:
अ) गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी
ब) बोरीबंदर-ठाणे पहिली प्रवासी गाडी
क) 'दर्पण'चा पहिला अंक
ड) मुंबई विद्यापीठाची स्थापना

पळसफूल
क, ब, ड, अ. आधी टोकं लावली: 'दर्पण' १८३२, गेटवे १९११. मग मधले १८५३ आणि १८५७.

खिडकीजवळचा
बरोबर. उद्याचा क्रम हिंदीत टाकतो, महिन्यांचा.